नाशिकचा रुपया

हिंदुस्थानची टपालाची तिकिटे लंडनच्या डी ला रू कंपनीकडून आणि कागदी चलन बँक ऑफ इंग्लंडच्या छापखान्यातून आगबोटीने येत असे, तो काळ फार जुना नव्हे. १९२५ साली नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ साली तिच्याच शेजारी करन्सी नोट प्रेस उभी राहिली, पंचम जॉर्ज बादशहाच्या मुखवट्याची पाच रुपयांची नोट येथे छापली जाऊ लागली, आणि रामाच्या वनवासाने पुनीत झालेल्या ह्या क्षेत्राला लक्ष्मीच्या टांकसाळीचाही मान मिळाला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. ज्या जिल्ह्यात नोट छापली जाई त्याच जिल्ह्यातल्या निफाड, चांदवड, येवला ह्या तालुक्यांतील कुणब्याच्या कनवटीला ती येईनाशी झाली. आणि ही मंदी कशी आली, ती उठता उठता कोणाची किती वर्षे गेली, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याला नाशिकइतका सोयीचा जिल्हा दुसरा सापडावयाचा नाही.

कलकत्त्याच्या घाऊक भावांचा निर्देशांक १९२९ साली १४१ होता, तो १९३३ साली ८७ वर आला. ह्या आकड्याचा घरगुती अर्थ असा की, जे देणे पूर्वी शंभर मण धान्य विकून फिटले असते ते फेडावयास आता एकशे साठ मणांवर धान्य घालावे लागे; आणि धान्याचे भाव सरासरीहूनही अधिक उतरले असल्यामुळे प्रत्यक्षातला बोजा ह्याहून भारी होता. गहाणखतात लिहिलेला रुपया मात्र बदलला नाही, व्याजाचा दर बदलला नाही, आणि तीस-तीस वर्षांच्या मुदतीने ठरलेली सरकारी जमाबंदीही बदलली नाही. १९३१ च्या मध्यवर्ती बँकिंग चौकशी समितीने देशातील ग्रामीण कर्जाचा अंदाज ९०० कोटी रुपये केला होता. तो अंदाज छापून निघेपर्यंतच, कोणी एक पैसाही नवा न काढता, ते कर्ज मालाच्या हिशेबाने दीडपट झाले होते.

अशा वेळी सरकारने शेतसाऱ्यात सूट किंवा तहकुबी द्यावी, ही अपेक्षा रास्त होती, आणि त्यासाठी नियमही होते. परंतु ते आणेवारीवर बसवलेले होते. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक धरून गावचे पीक किती आणे आले हे महसूल खात्याने ठरवावे, आणि ते ठराविक आण्यांच्या खाली गेले तरच वसुली थांबावी, अशी ती व्यवस्था. शहात्तरच्या दुष्काळाची आणि छप्पन्नच्या दुष्काळाची ज्या सरकारला आठवण होती त्याने दुष्काळासाठी केलेली ती तजवीज होती, आणि दुष्काळापुरती ती ठीकही होती. मंदीत मात्र पाऊस पडला, बाजरी आली, गहू आला, पीक बारा आणे असल्याचा शेरा पडला, आणि भाव निम्म्यावर असल्याचा रकाना त्या कागदात नसल्यामुळे तलाठी हप्त्याला दारात उभा राहिला. ह्यात तलाठ्याचा दोष मुळीच नव्हता. ज्या संकटात कोठार भरलेले आणि पेटी रिकामी असते, त्या संकटाची कल्पनाच कायदा करणाराच्या मनात आली नव्हती.

राजकारणात तेव्हा वाद चालला होता तो हुंडणावळीचा. १९२६ च्या हिल्टन यंग कमिशनने रुपयाचा दर अठरा पेन्स ठेवावा असे सांगितले, सर पुरुषोत्तमदास ठाकूरदासांनी सोळा पेन्सांसाठी आपली भिन्नमतपत्रिका जोडली, आणि १९२७ च्या कायद्याने अठरा पेन्स कायम झाले. एका पौंडाला पंधरा रुपये मिळावयाचे ते सवातेरा-साडेतेरा मिळू लागले, म्हणून शेतकऱ्याचे नुकसान झाले, अशी व्यापारी मंडळींची आणि काँग्रेसची तक्रार होती. आणि मंदीच्या पहिल्या तडाख्यात ती बरीचशी खरीही ठरली. परंतु ह्याच प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी एक गोष्ट आधीच दाखवून ठेवली होती, ती अशी की रुपया स्वस्त केल्याने निर्यातदाराला जो लाभ होतो तो आकाशातून पडत नाही, मजुरी करणाराच्या खिशातून येतो. शेतकरी ह्या एका शब्दाखाली सावकारी करणारा बागाईतदारही येतो आणि रोजंदारीवर खुरपणारी बाईही येते, हे पुष्कळांनी लक्षात घेतले नाही. २ मार्च १९३० रोजी आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षे चालला. त्यात गावोगावहून आलेल्या माणसांवर परत गेल्यावर बहिष्कार पडले, म्हणजे मंदीत आधीच दुर्मिळ झालेली मजुरी आणि बलुत्याची भाकरी बंद झाली. भाऊराव गायकवाडांसारखे कार्यकर्ते ह्या लोकांच्या पाठीशी उभे राहिले, ते देवदर्शनाइतकेच पोटाच्या प्रश्नासाठी.

घरातला हिशेब पाहावयाचा तर सराफ बाजारात आणि भांडी बाजारात गेले पाहिजे. नाशिकची तांब्यापितळेची भांडी सर्वत्र प्रसिद्ध. तांबटांच्या हातोड्यांच्या ठोक्यांनी जुन्या गावाचा एक भागच घुमत असे. लेकीच्या लग्नात हंडा, कळशी, घागर, पराती घ्यावयाच्या, त्यांवर नाव घालावयाचे, आणि अडचण आली की त्याच सावकाराकडे गहाण टाकावयाच्या, ही कुणब्याच्या घरची खरी बँक होती. सुगीला भांडे सुटून घरी येई, आषाढात पुन्हा जाई. मंदीत ते जाई आणि परत येत नसे. मुदत टळली की मोडीत निघे, आणि ज्याच्या काठावर एका सासुरवाशिणीचे नाव कोरलेले आहे असा हंडा वजनावर विकला जाई.

सोन्याची गोष्ट ह्याहून मोठी, कारण तिच्यात साऱ्या साम्राज्याचा हितसंबंध होता. २१ सप्टेंबर १९३१ रोजी इंग्लंडने सुवर्णपरिमाण सोडले, रुपया पौंडाच्या शेपटीला बांधलेलाच राहिला, आणि एकवीस रुपयांच्या आतबाहेर असलेला सोन्याचा तोळा तिशीच्या व पुढे पस्तिशीच्या घरात गेला. गोठ, पाटल्या, पुतळ्यांची माळ, एकदाणी, असे जे काही पेटीच्या तळाशी होते ते सराफाच्या कसोटीवर आले, आटवून त्याच्या लगडी झाल्या, आणि आगबोटीने विलायतेस गेल्या. १९३१-३२ पासून १९३६-३७ पर्यंतच्या सहा वर्षांत सुमारे ३०० कोटी रुपयांचे सोने देशाबाहेर गेले. निर्यातीवर बंदी घाला, अशी देशात ओरड झाली. अर्थसचिव सर जॉर्ज शूस्टर ह्यांनी निर्यातीचे समर्थन केले आणि लोक चढ्या भावाचा लाभ घेत आहेत, असे सरकारपक्षाकडून सांगण्यात येऊ लागले. मुंबईच्या दलालाविषयी ते खरे असेल. परंतु हप्त्याच्या आदल्या दिवशी बायकोच्या पाटल्या घेऊन जो माणूस सराफाची पायरी चढतो त्याला नफेखोर म्हणणे, ही माझ्या मते त्या काळातली सर्वांत निर्लज्ज अर्थशास्त्रीय उक्ती होय.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. सरकारी नोकरांच्या पगारात १९३१ च्या अखेरीस शेकडा दहा कपात झाली, १९३३ साली ती निम्मी झाली आणि १९३५ साली पुरती उठली. शंभराचे नव्वद झाले म्हणून कचेऱ्यांत मोठा विलाप झाला. परंतु किरकोळ बाजारातला उतार घाऊक बाजाराएवढा नसला, तरी भाव दहा टक्क्यांहून पुष्कळच खाली आले होते, आणि ज्याचा पगार शाबूत होता त्या कारकुनाचे घर मंदीत पूर्वीपेक्षा बरे चालले. त्याला खरी झळ बसली ती टपालाची: अर्ध्या आण्याचे कार्ड नऊ पैंचे झाले, आणि एक आण्याचे पाकीट सव्वा आण्याचे. ही वाढीव दराची तिकिटेही नाशिकरोडलाच छापली जात.

त्याच नाशिकरोडच्या तुरुंगात १९३२-३३ साली जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता ही मंडळी समाजवादाची चर्चा करीत होती, आणि तिथूनच १९३४ चा काँग्रेस समाजवादी पक्ष निघाला. साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली ती १९३३ च्या फेब्रुवारीत, ह्याच तुरुंगात. लोक तिला मातृप्रेमाचे पुस्तक म्हणून वाचतात, आणि ते बरोबरच आहे. परंतु सावकाराचा तगादा दारात आल्यावर घराची अब्रू कशी जाते, हे त्या वर्षी लिहिलेल्या कोणत्याही सरकारी अहवालापेक्षा त्या पुस्तकात अधिक स्वच्छ दिसते.

१९३७ साली बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि १९३९ साली शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा मंजूर झाला. पण नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामे दिले, कायद्याचा अंमल रेंगाळला, आणि १९४७ साली त्याच्या जागी नवा कायदा करावा लागला. दरम्यान कर्ज फिटले ते कायद्याने नव्हे, युद्धाने. १९३९ ते १९४५ ह्या काळात चलनातील नोटा सहापटींहून अधिक झाल्या, नाशिकरोडची यंत्रे अहोरात्र फिरू लागली, धान्याचे भाव चढले, आणि ज्याच्याकडे विकावयास चार पोती होती त्याने जुनी गहाणखते सोडवली. ज्याच्याकडे विकावयास फक्त हात होते तो शिधापत्रिकेच्या रांगेत गेला. मंदी उठली असे ज्याला म्हणतात ते एवढेच होते, आणि तिला दहा वर्षे लागली.

बाजारात मात्र एक टिकाऊ सुधारणा झाली. पूर्वी अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत, आणि ज्याचा माल तो समोर उभा राहून त्या हलत्या रुमालाकडे पाहत राही. वर अडत, तोलाई, हमाली, कडता, धर्मादाय अशी कापाकापी होऊन उरेल ते त्याचे. १९३९ च्या बाजार कायद्याने ह्या हत्ता पद्धतीच्या जागी उघड लिलाव आणण्याचा मार्ग मोकळा केला, आणि १९४७ साली लासलगावची बाजार समिती स्थापन झाली. कांद्याचा भाव आता शेतकऱ्याला निदान ऐकू येऊ लागला. महसुलातली आणेवारी पुढे पैसेवारी झाली, सोळा आण्यांचे शंभर पैसे झाले. परंतु तीत अजूनही मोजला जातो तो पिकाचा उतारा, बाजारभाव नव्हे.