घोरपड पाळता येते काय? यशवंतीची आख्यायिका, ऐतिहासिक साधने आणि ठाणे-कल्याण परिसर

मराठी माणसाला घोरपड प्रथम भेटते ती जंगलात नव्हे, तर पोवाड्यात. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांनी पेटाऱ्यातून यशवंती नावाची घोरपड काढली, तिची पूजा केली, कमरेला दोर बांधून तिला कोंढाण्याच्या कड्यावर सोडले, ती अर्ध्यातून परतली आणि धाक दाखविताच पुन्हा चढून कड्याला चिकटली, ही कथा शालेय वयापासून आपल्या परिचयाची आहे. या कथेची ऐतिहासिकता अनेकांनी तपासली आहे. परंतु तपासणीचा रोख बहुधा 'घोरपड माणसाचे वजन पेलू शकते काय' एवढ्यापुरता राहिला. त्याआधीचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. पेटाऱ्यात राहणारी, नावाने ओळखली जाणारी, हुकूम मानणारी घोरपड म्हणजे पाळलेली घोरपड होय. तिला लहानपणी पकडले कोणी, ठेवले कोठे, खाऊ काय घातले आणि माणसाळविले कसे? प्रस्तुत लेखात हा प्रश्न साधनांच्या आणि प्राणिशास्त्राच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम साधनांचा विचार करू. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजी येथे लिहिलेली बखर ही या प्रसंगाला सर्वांत जवळची मराठी बखर होय. तीत निवडक मावळे वानरासारखे कडा चढून गेले, त्यांनी वर जाऊन माळ म्हणजे दोराची शिडी लावली आणि तिच्यावरून बाकीचे लोक चढले, असे वर्णन येते. घोरपडीचा उल्लेखही नाही. घोरपड येते ती शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात. हा पोवाडा जिजाबाईंच्या सांगण्यावरून रचला गेला असे परंपरा मानते. तथापि आज उपलब्ध असलेली संहिता दीर्घकाळ मौखिक परंपरेतून वाहत आलेली आहे. ती छापील स्वरूपात सर्वदूर पोहोचली ती हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या १८९१ च्या पोवाडासंग्रहामुळे. पुढे हरि नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीने कोंढाण्याचा प्रसंग घरोघरी नेला.

घोरपडे घराण्याची आडनावकथाही याच जातीची आहे. बहमनी काळात घोरपडीच्या साहाय्याने खेळणा किल्ला चढल्यामुळे हे नाव मिळाले, अशी परंपरा आहे. दत्तो विष्णु आपटे यांनी १९३४ मध्ये मुधोळकर घोरपडे घराण्याचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यातील फर्मानांच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, दोन्ही कथांत घोरपड कामगिरीच्या क्षणी प्रकट होते. तिच्या संगोपनाविषयी एक अक्षरही आढळत नाही. ज्या काळात घोडे, हत्ती, शिकारी ससाणे व चित्ते यांच्या दाणावैरणीचे आणि रखवालदारांचे हिशेब ठेवले जात, त्या काळात घोरपडीच्या रखवालदाराचा हुद्दा तरी सापडावयास हवा होता.

प्राचीन वाङ्मयातही हाच अनुभव येतो. मनुस्मृतीने भक्ष्य पंचनखी प्राण्यांत गोधेची गणना केली आहे. धनुर्धराच्या हातावरील चामड्याच्या आवरणालाही 'गोधा' हाच शब्द आहे. जातककथांतून ती पात्र म्हणून येते, पूर्व भारतातील गौरीच्या मूर्तींपाशी ती चिन्ह म्हणून कोरलेली दिसते. मांस, चामडे, कथा आणि प्रतीक या चारही रूपांत गोधा आहे. पाळीव प्राणी म्हणून मात्र नाही. वाघ्यामुरळीच्या जागरणातील दिमडीवर परंपरेने घोरपडीचेच कातडे मढविले जात असे, हेही येथे आठवावे.

आता ठाणे जिल्ह्याकडे वळू. कोंढाणा घेतला गेला त्याच महिन्यात, फेब्रुवारी १६७० मध्ये, आजच्या शहापूर तालुक्यातील माहुलीवर मराठ्यांनी रात्री दोराच्या शिड्या लावून चढाई केली. मोगल किल्लेदार मनोहरदास गौड सावध होता. चढाई फसली आणि बरेच लोक कामी आले. पुढे त्याच वर्षी मोरोपंत पिंगळे यांनी माहुली घेतला. तोच महिना, तीच रात्रीची वेळ, तेच दोर. परंतु माहुलीच्या हकिकतीत घोरपड नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते ही तुलना वजनाच्या गणितापेक्षा अधिक बोलकी आहे. घोरपड हे चढाईचे रूढ साधन असते तर ते दोन्हीकडे दिसले असते. ती दिसते जेथे विजय आणि वीरमरण एकत्र आले, म्हणजेच जेथे पोवाडा जन्मला, तेथे. कल्याणजवळच्या मलंगगडावर १७८० मध्ये कॅप्टन अ‍ॅबिंग्टनने केलेल्या प्रयत्नात खालची माची इंग्रजांच्या हाती आली, बालेकिल्ला आला नाही. या भागातील कड्यांपुढे शिड्याही कशा अपुऱ्या पडत, याचे हे उदाहरण होय.

यशवंतीचे संगोपन कल्पनेने उभे करून पाहिले तर काय दिसते? आपल्याकडील सर्वसामान्य घोरपडीचे शास्त्रीय नाव व्हॅरेनस बेंगालेन्सिस. वॉल्टर ऑफेनबर्ग यांचा १९९४ चा ग्रंथ हा तिच्यावरील सर्वांत विस्तृत अभ्यास आहे. मादी जमिनीतील बिळात, कधी वारुळात अंडी घालते. ती उबण्यास कित्येक महिने लागतात. नवे पिल्लू साधारण वीतभर, अंगावर पिवळसर ठिपक्यांचे व पट्ट्यांचे असते. प्रौढ घोरपडीहून ते इतके वेगळे दिसते की उत्तर भारतात 'बिसखोपरा' नावाचा एक विषारी प्राणीच लोकांनी कल्पिला. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशातही या समजुतीची नोंद आहे. पिल्लाचा आहार मुख्यत्वे किड्यांचा: नाकतोडे, भुंगे, अळ्या. वाढत्या वयात बेडूक, खेकडे, उंदीर, पक्ष्यांची अंडी यांची भर पडते. नुसत्या मांसाच्या तुकड्यांवर ठेवलेल्या पिल्लाला चुना कमी पडतो, ऊन मिळाले नाही तर हाडे मऊ होतात आणि पाय वाकडे होतात. शरीर तापविण्यासाठी त्याला एका टोकाला कडक ऊन आणि दुसऱ्या टोकाला सावली लागते, उकरण्यास माती लागते, लपण्यास फट लागते. वर्ष-दोन वर्षांत जागा अपुरी पडू लागते, कारण पूर्ण वाढलेली घोरपड शेपटीसह दीड मीटरहून लांब भरू शकते. असा प्राणी पेटाऱ्यात ठेवणे म्हणजे त्याला हळूहळू मारणे होय.

माणसाळण्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पकडलेले पिल्लू गळा फुगवून फूत्कारते, शेपटीचे फटके मारते आणि चावा घेऊन सोडत नाही. ठराविक वेळी, ठराविक हाताने अन्न मिळत गेले की त्याची भीती ओसरते. प्राणिसंग्रहालयांत याच कुळातील कोमोडो ड्रॅगनला रंगीत खुणेमागे चालण्यास शिकविले गेले आहे. तेव्हा घोरपड बुद्धीने मंद आहे, असे म्हणता येणार नाही. तथापि हे शिक्षण अन्नाच्या आशेने, उबदार जागी आणि दिवसा होते. माघातील रात्र, सह्याद्रीचा थंड कडा आणि शीतरक्ताचा, दिवसाच हिंडणारा प्राणी यांचा मेळ बसत नाही. अशा वेळी पेटाऱ्यातून काढलेली घोरपड बधिर असणार. ती कडा चढण्याऐवजी पहिल्या फटीत शिरेल. नेमकी हीच गोष्ट आख्यायिकेच्या मुळाशी असावी. फटीत शिरलेली घोरपड अंग फुगविते आणि मग ओढूनही निघत नाही, हे शिकाऱ्यांना व रानातल्या लोकांना पिढ्यानपिढ्या ठाऊक होते. शाहिराने हे निरीक्षण उचलले आणि त्याला दोर बांधला. पोवाड्यातील घोरपड ही एखाद्या चढाईत निपुण माणसाचे किंवा आकड्याचे रूपक असावे, असेही सुचविले गेले आहे. परंतु त्यास समकालीन आधार नाही. लोकनिरीक्षणाचा आधार मात्र आजही तपासता येतो.

या आख्यायिकेची किंमत खऱ्या घोरपडीला मोजावी लागली, असे म्हणण्यास जागा आहे. चिकटपणाची आणि बळाची कीर्ती तिच्या तेलाला चिकटली. सांधेदुखीवर व पौरुषावर ते विकले गेले. 'हत्था जोडी' नावाची दुर्मीळ मुळी म्हणून विकली जाणारी वस्तू वास्तविक नर घोरपडीचे वाळविलेले जननेंद्रिय असते. हा व्यापार २०१७ मध्ये मोठ्या प्रमाणावर उघडकीस आला. त्यात श्रद्धेचा भाग किती आणि लबाडीचा किती, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरेल.

ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये अस्तित्वात आली. त्यानंतरच्या चार दशकांत येऊरच्या कडेने, उल्हास नदीच्या काठाने आणि मलंगगडाच्या पायथ्याकडे वस्ती सरकत गेली. त्यामुळे गटारात, जिन्याखाली अथवा वाहनतळात आलेली घोरपड हा येथील गृहसंकुलांना अपरिचित प्रसंग राहिलेला नाही. वीतभर पिल्लू पाहून ते खोक्यात ठेवण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो, आणि यशवंतीची कथा त्या मोहाला नकळत प्रतिष्ठा देते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घोरपडीचा समावेश आहे. तिला पकडणे व बाळगणे हा गुन्हा असून त्यास तीन ते सात वर्षांपर्यंत कारावास आणि २०२२ च्या दुरुस्तीनुसार किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो. अन्न काय द्यावे, हा प्रश्न म्हणूनच खोके बंद करण्यापूर्वीच संपतो. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळविणे आणि मार्ग मोकळा ठेवून दूर उभे राहणे पुरेसे असते. दिवस उबदार असेल तर पिल्लू बहुधा माणसे येण्यापूर्वीच भिंतीच्या फटीत नाहीसे झालेले असते.