चाप : पहिल्या क्रॉसबोच्या निवडीविषयी

मराठीत ‘चाप’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. संस्कृतातून आलेला चाप म्हणजे धनुष्य; आणि रोजच्या बोलण्यातला चाप म्हणजे बंदुकीचा, बोटाने ओढायचा तो. हे दोन्ही चाप ज्या एका वस्तूत शेजारी शेजारी नांदतात तिला मात्र आपल्या भाषेत रुळलेले नाव नाही. ‘आडवे धनुष्य’ हा शब्द तिच्या आकाराचे वर्णन करतो, पण तिच्या कळीबद्दल काहीच सांगत नाही; तिरकमठा म्हणावे तर त्यातही कळ येत नाही. म्हणून आम्ही येथे सरळ क्रॉसबो असेच म्हणणार आहोत. लाकडी दांडा, त्याच्या पुढच्या टोकाला आडवी बसवलेली कमान, ओढलेली दोरी अडवून धरणारी कळ आणि दांड्यावरच्या खाचेत ठेवलेला आखूड बाण, एवढा हा संसार.

नेमबाजीसाठी पहिला क्रॉसबो घेऊ पाहणारा माणूस बहुधा एकच प्रश्न आधी विचारतो : ओढ किती पौंडांची? ओढ म्हणजे दोरी कळीपर्यंत आणण्यास लागणारे बळ. जितकी ओढ जास्त तितके हत्यार चांगले, असे त्याच्या मनाने आधीच घेतलेले असते. हा प्रश्न नवा नाही आणि त्यामागचा समजही नवा नाही. या वस्तूच्या इतिहासातून थोडे हिंडून आले की तो प्रश्न चुकीच्या टोकापासून सुरू होतो असे आमचे मत झाले आहे, आणि ते मांडण्यासाठीच हा लेख.

साध्या धनुष्यात ताकद आणि नेम यांची गाठ सुटत नाही. दोरी कानापर्यंत ओढून धरायची आणि त्याच थरथरत्या क्षणी लक्ष्याकडे पाहायचे. क्रॉसबोने ही गाठ सोडवली. ताकद आधी लावायची, ती कळीच्या हवाली करायची, आणि मग निवांतपणे, श्वास आवरून, नेम धरायचा. चीनमध्ये हे फार पूर्वी साधले होते. शीआनजवळ सापडलेल्या मातीच्या सैन्यात, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, काशाच्या ओतीव भागांच्या कळी मिळाल्या आहेत. युरोपात बाराव्या शतकात बायझंटाइन राजकन्या अॅना कोम्निनीने आपल्या पित्याच्या चरित्रात पाश्चात्त्य धर्मयोद्ध्यांच्या या शस्त्राचे वर्णन केले आहे. ते चढवताना माणूस जवळजवळ उताणा होतो, दोन्ही पाय कमानीवर रोवतो आणि दोन्ही हातांनी दोरी ओढतो, असे ती लिहिते. शब्दाशब्दांतून तिरस्कार आणि कुतूहल सारखेच डोकावते.

तेराव्या शतकातल्या इंग्रज राजांच्या हिशेबवह्यांत क्रॉसबोंची वर्गवारी याच चढवण्याच्या रीतीवरून केलेली आढळते : ‘एका पायाचा’, ‘दोन पायांचा’ आणि ‘फिरकीचा’. म्हणजे तेव्हाच्या कारकुनालाही आजच्या गिऱ्हाइकापेक्षा नेमका प्रश्न सुचला होता. बाण किती दूर जाईल हे त्याने नोंदवले नाही; हे हत्यार माणसाने चढवायचे कसे, हे नोंदवले. पुढे दांड्याच्या टोकाला रिकीब आली, तीत पाऊल अडकवून कंबरपट्ट्याच्या आकड्याने दोरी ओढता येऊ लागली. मग शेळीच्या खुरासारखी दुभंगलेली तरफ आली, दोरखंड गुंडाळणारा रहाट आला आणि अखेरीस दातेरी पट्टीवर चालणारे चक्र. प्रत्येक साधनाबरोबर ओढ वाढली, आणि दोन बाणांमधला वेळही.

ताकद आणि नेम यांची ही फारकत सगळ्यांना रुचली नाही. ११३९ मध्ये दुसऱ्या लॅटरन परिषदेने ख्रिस्ती माणसांविरुद्ध या विद्येचा वापर निषिद्ध ठरवला. हा निषेध नेहमी क्रॉसबोच्याच नावावर मांडला जातो. वस्तुतः त्या २९व्या कलमात साधे धनुर्धरही क्रॉसबोवाल्यांच्या जोडीने आले आहेत. निषेधाचा परिणाम फारसा झाला नाही. ११९९ मध्ये शालूच्या किल्ल्याला वेढा घालून बसलेला इंग्लंडचा राजा रिचर्ड तटावरून सुटलेल्या क्रॉसबोच्या बाणाने जखमी झाला आणि ती जखम चिघळून मेला. आयुष्यभर तलवार गाजवलेल्या राजाला एका सामान्य माणसाने कळ दाबून मारावे, यातला बोचरेपणा त्या काळच्या लोकांना नक्कीच जाणवला असणार. १२१५ च्या मॅग्ना कार्टात परदेशी क्रॉसबोवाल्यांना देशाबाहेर घालवण्याचे वचन सरदारांनी राजा जॉनकडून घेतले. ते शस्त्र कोणाच्या हाती आहे, ही चिंता त्यामागे होती.

या चिंतेचे सर्वांत उघड रूप इंग्लंडच्याच कायद्यांत दिसते. आठव्या हेन्रीच्या १५४१ च्या कायद्याने वर्षाला १०० पौंडांचे उत्पन्न नसलेल्या माणसाला क्रॉसबो किंवा हातबंदूक बाळगण्यास मनाई केली. सामान्यांनी लांब धनुष्याचा सराव सोडू नये, हा त्यामागचा एक हेतू होता. पण त्याचा व्यवहारातला अर्थ असा की पहिला क्रॉसबो कोणता घ्यावा हा प्रश्न विचारण्याचा अधिकारच मुळी उत्पन्नावर ठरत होता. हे वाचताना मराठी माणसाला एकलव्य आठवल्यावाचून राहत नाही. तिथे अंगठा मागितला गेला, इथे उत्पन्नाचा आकडा.

समुद्राच्या पलीकडे, फ्लँडर्सच्या व्यापारी शहरांत, मात्र अगदी उलटे घडले, आणि नेमबाजीच्या क्रॉसबोची गोष्ट खऱ्या अर्थाने तिथेच सुरू होते. गेंट, ब्रुज यांसारख्या शहरांत चौदाव्या शतकापासून क्रॉसबोवाल्यांचे संघ भरभराटीस आले. बहुतेकांचा पालकसंत सेंट जॉर्ज. या संघांत कारागीर होते, व्यापारी होते, सरदारही होते. शहर त्यांना गणवेशासाठी कापड देई, मेजवानीसाठी वाइन देई, आणि बदल्यात गरजेच्या वेळी शहराच्या रक्षणासाठी उभे राहण्याची अपेक्षा ठेवी. लॉरा क्रॉम्बी यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या संघांचा सविस्तर अभ्यास केला आहे. तो वाचताना जाणवते ते हे की, युद्धातली त्यांची उपयुक्तता ही त्यांच्या जीवनाची एक बाजू होती. एकत्र जेवणे, एकत्र प्रार्थना करणे, शेजारच्या शहरांशी सलोखा राखणे ही दुसरी, आणि कदाचित अधिक टिकाऊ. गेंटमध्ये १४४० आणि १४९८ साली, तूर्नेत १४५५ साली ज्या मोठ्या स्पर्धा भरल्या त्यांत दूरदूरच्या शहरांचे चमू वाजतगाजत येत आणि चांदीची भांडी बक्षिसे म्हणून लुटून नेत. ज्या विद्येवर धर्मसभेने कोरडे ओढले होते, तीच आता संताच्या नावाने, चर्चमध्ये स्वतःची वेदी राखून चालली होती.

या संघांच्या वार्षिक नेमबाजीचे लक्ष्य काय असावे? पोपट. उंच खांबाच्या किंवा मनोऱ्याच्या टोकावर बसवलेला लाकडी पोपट. तो खाली पाडील तो त्या वर्षाचा ‘राजा’, आणि सलग तीन वर्षे पाडील तो ‘सम्राट’. द्रोणाचार्यांनी झाडावर ठेवलेला कृत्रिम पक्षी व्यासांच्या मूळ कथेत ‘भास’ आहे, पण आपल्या आजीच्या तोंडी त्याचाही पोपटच झाला, हा योगायोग आम्हांला मोठा गमतीचा वाटतो. एक फरक मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. द्रोणांच्या परीक्षेत उत्तीर्ण एकच व्हायचा होता आणि तो कोण हे कथेला आधीपासून ठाऊक होते. फ्लँडर्सच्या पोपटाला ते ठाऊक नसे. १६१५ मध्ये ब्रसेल्समध्ये तिथली राज्यकर्ती आर्चडचेस इझाबेला हिने क्रॉसबो उचलून पोपट पाडला आणि ती संघाची त्या वर्षाची विजेती ठरली. हा नेम तिने खरोखर साधला की दरबाऱ्यांनी साधवला, याची शंका घेणारे घेवोत. पण साध्या लांब धनुष्यावर हा प्रसंग घडणे अवघड होते, एवढे नक्की. दोरी दुसऱ्याने चढवून द्यावी आणि नेम आपण धरावा, ही सोय क्रॉसबोतच आहे.

‘सोपे शस्त्र’ ही क्रॉसबोची कीर्ती येथूनच येते आणि ती अर्धीच खरी आहे. चार दिवसांत माणूस त्याने बाण सोडू लागतो, हे खरे. पण सोडणे वेगळे आणि लागणे वेगळे. तसे नसते तर शहरांनी संघांच्या सरावावर वर्षानुवर्षे पैसा ओतला नसता. पोर्तुगालमध्येही शहरोशहरीच्या कारागिरांतून ठरावीक संख्येने नोंदलेल्या क्रॉसबोवाल्यांची पथके होती. चांभार, शिंपी असे हे लोक. हत्यार बाळगण्याची आणि ते चालवता येण्याची जबाबदारी त्यांच्यावर असे. क्रॉसबो पोर्तुगीजांच्या जहाजांतून हिंदी महासागरातही आला. गोव्याच्या इतिहासात आपण तोफा आणि घोडे यांच्याविषयी पुष्कळ बोलतो, या आडव्या कमानीविषयी जवळजवळ नाहीच.

आता पहिल्या प्रश्नाकडे, ओढीकडे, वळतो. पंधराव्या शतकात पोलादी कमान सर्वत्र पसरली. त्याआधीची उत्तम कमान लाकूड, शिंग आणि स्नायू यांचे थर सरसाने जोडून केलेली असे. ती हलकी आणि चपळ, पण दमटपणाला हळवी. पोलाद दमटपणाला डरत नसे. मात्र कडाक्याच्या थंडीत ते एकाएकी तुटून धन्याच्या तोंडावर येण्याची भीती असे. पोलादाने ओढ अफाट वाढली. सर राल्फ पेन-गॉलवी या इंग्रज गृहस्थांनी १९०३ मध्ये क्रॉसबोवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ काढला. सुमारे १२०० पौंड ओढीचा जुना पोलादी क्रॉसबो दुरुस्त करून त्यांनी वेल्समधल्या मेनाय सामुद्रधुनीवरून बाण सोडला आणि तो साडेचारशे यार्डांच्या आसपास गेला. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण जरा हिशेब करून पाहू. त्या कमानीची दोरी मागे यायची सुमारे ७ इंच. १५० पौंडांच्या लांब धनुष्याची दोरी मागे येते २० इंचांहून अधिक. बळ आठपट, पण ते लागते तिसऱ्या हिश्श्याच्या अंतरात. तेव्हा ढोबळमानाने साठलेली ऊर्जा अडीचपटच. त्यातलाही मोठा वाटा ते जड पोलाद स्वतःलाच पुढे ढकलण्यात खर्च करते. बाणाच्या वाट्याला जे उरते ते पाहिले की १२०० हा आकडा एखाद्या मोठ्या पदवीसारखा वाटू लागतो. पाटीवर शोभतो, कामात तितका उतरत नाही.

लक्ष्यावर बाण मारणाऱ्या लोकांना हे लवकर उमगले असावे. कारण त्यांच्या हत्यारातल्या सुधारणा ओढीत कमी आणि कळीत अधिक दिसतात. लढाईच्या क्रॉसबोत सांबरशिंगाची एक फिरती चकती दोरी अडवून धरी आणि दांड्याखालची लांब पट्टी दाबली की ती फिरून दोरी सुटे. पट्टी दाबताना सारा हात हले, आणि हाताबरोबर नेम. पुढे शिकारीच्या आणि नेमबाजीच्या क्रॉसबोंत अशा नाजूक कळी आल्या की बोटाच्या निसटत्या स्पर्शाने दोरी सुटावी. दोन चापांपैकी धनुष्याच्या चापाकडून बोटाच्या चापाकडे सरकलेला हा प्रवास आहे.

आजच्या नवख्याला या इतिहासातून मिळणारा सल्ला म्हणूनच काहीसा रुक्ष आहे. इंटरनॅशनल क्रॉसबोशूटिंग युनियन ही संघटना १९५६ मध्ये जर्मनीतल्या लांट्सहूट येथे स्थापन झाली. तिच्या मैदानी प्रकारात ६५, ५० आणि ३५ मीटरांवर नेम धरतात आणि त्यासाठी ओढीची कमाल मर्यादा आहे ४३ किलो, म्हणजे जेमतेम ९५ पौंड. जगज्जेते ज्या ओढीवर भागवतात तिच्या दुप्पट ओढ पहिल्याच दिवशी हवी असणाऱ्याने स्वतःला काय मारायचे आहे हे विचारून पाहावे. पहिला क्रॉसबो आपल्या हातांनी, दिवसातून पन्नास वेळा, न कुरकुरता चढवता येईल असा असावा. चढवताना दोरी दोन्ही बाजूंनी सारखी आली पाहिजे. बोटभर इकडेतिकडे झाली की बाण फितूर झालाच. कळ दाबताना अडखळते की गुळगुळीत सुटते हे दुकानात पाहण्याजोगे आहे, मात्र बाण न ठेवता ती कधीही दाबू नये. रिकामी दोरी सुटली की बाणाने न्यायची सारी ऊर्जा कमानीवरच उलटते, आणि कमान तडकते किंवा दोरी तुटते. बाण एकाच वजनाचे आणि त्याच क्रॉसबोसाठी सांगितलेले घ्यावेत. हलका बाण घेणे म्हणजे रिकामी दोरी सोडण्याचीच धाकटी आवृत्ती. दुर्बिणीचा विचार मागाहून. आणि बाणामागे काय आहे, हे दर वेळी पाहावे.

मोठ्या ओढीचा जुना क्रॉसबो आजही पाहायचा असेल तर इटलीत गुब्बिओला जावे. तिथे मे महिन्यातल्या अखेरच्या रविवारी शेजारच्या सानसेपोल्क्रो गावाच्या क्रॉसबोवाल्यांशी सामना भरतो, आणि सप्टेंबरात गुब्बिओकर परतभेटीला जातात. अवजड क्रॉसबो, ते टेकवायला लाकडी बाक, दोरी चढवायला रहाट. लक्ष्य ३६ मीटरांवर. प्रत्येकाला एकच बाण मिळतो, आणि आधीच्यांचे बाण लक्ष्यात तसेच रुतलेले असतात, त्यामुळे पाळी जितकी उशिरा तितकी मधली जागा कमी. रहाट फिरवून झाला की माणूस बाकावर टेकतो, आणि मग बराच वेळ काहीच होत नाही.