जात एक, बहार दोन

अंजीर लवकर फळाला यावे असे वाटले की रोपवाटिकेत गेलेला माणूस आधी जात विचारतो. नेहमीचे पुणे अंजीर न्यावे, परभणीच्या कृषी विद्यापीठाने दौलताबादच्या अंजिरातून निवडलेले दिनकर न्यावे, की मोठ्या फळाचे, कॅलिफोर्नियातून आलेले डायना? प्रश्न रास्त आहे. पण अंजिरावर ज्यांचा संसार चालतो त्या पुरंदर तालुक्यातल्या बागाईतदारांनी लवकर फळ मिळवण्यासाठी जातींच्या मागे फारशी धावाधाव केली नाही. त्यांनी एक जात धरून ठेवली आणि झाडाचे वर्षच पुढेमागे सरकवले.

नीरा आणि कऱ्हा या नद्यांच्या खोऱ्यांत, खेड-शिवापूरपासून दिवे, सोनोरी, सासवड करत थेट जेजुरीपर्यंत हा अंजिराचा मुलूख पसरलेला आहे. सह्याद्रीच्या पाठीमागचा, पावसाने हात आखडलेला भाग. माती हलकी, मुरमाड, चुनखडीची; पाणी धरून न ठेवणारी. ऊस इथे रडतो, अंजीर मात्र खूश असते. पाण्याचा ताण त्याला सोसतो आणि कोरड्या हवेत फळात साखर भरते.

पुणे अंजिराचा आणखी एक गुण एरवी कुणाच्या लक्षात येत नाही: त्याला फळ धरायला कीटक लागत नाही. याचे मोल कॅलिफोर्नियाच्या शेतकऱ्यांना विचारावे. १८८०च्या दशकात त्यांनी तुर्कस्तानातल्या स्मर्ना भागातल्या नामांकित अंजिराच्या फांद्या आणून लावल्या. झाडे जोमाने वाढली, फळे लागली आणि कच्चीच गळून पडली. फळाच्या पोटात शिरून पराग पोहोचवणारी चिलटाएवढी गांधीलमाशी तिकडे नव्हतीच. १८९९ मध्ये फ्रेस्नोजवळ जॉर्ज रोडिंग यांच्या बागेत ती रुजवली गेली, तेव्हा कुठे पीक हाती आले. पुरंदरच्या शेतकऱ्याला असली आयात कधी करावी लागली नाही. फांदीचा चार-सहा डोळ्यांचा तुकडा जमिनीत खोचायचा, मुळे फुटली की लावायचा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्याच झाडाची पहिली फळे. घरच्या बागेसाठी याहून लवकर काय हवे?

खरी करामत पुढची. अंजिराला वर्षातून दोन बहार येतात. मीठा बहार उन्हाळ्याचा आणि खट्टा बहार पावसाळ्याचा. पाणी तोडून झाडाला विश्रांती द्यायची, छाटणी करायची, मग खत-पाणी सुरू करून नवी फूट काढायची; फळ त्या फुटीच्या पानांच्या बगलेत धरते. छाटणीपासून फळ पिकेपर्यंत साधारण साडेचार-पाच महिने. म्हणजे कात्री कधी लावायची, हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात बाजारही.

पूर्वी खरा मान मीठा बहाराचा. सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणी, फेब्रुवारीपासून मेपर्यंत तोडणी. खट्टा बहाराची फळे पाण्यात भरलेली, बेचव, फुटणारी. शेतीच्या पुस्तिकांत ती जुलै-ऑगस्टची म्हणूनच नोंदलेली आढळतात. पुरंदरकरांनी हा बिनकामाचा बहार हळूहळू सरकवत नेला. मे-जूनमध्ये छाटणी केली की पावसाळा फांद्या वाढवण्यात जातो आणि फळ पिकते ते नोव्हेंबरपासून पुढे, हिवाळ्यात. गोडीला ते थोडे कमी. पण बाजारात तेव्हा दुसरे अंजीर नसते, म्हणून भाव चांगला. आज हंगामातले पहिले अंजीर म्हणून लोक जे कौतुकाने घेतात, ते बहुतेक याच खट्टा बहाराचे असते.

या घाईमागे बाजाराचे कारण आहे. अंजीर तोडल्यावर आणखी गोड होत नाही आणि पिकलेले तोडले तर दोन दिवस टिकणे मुश्कील. भोर घाटातून रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली, क्रॉफर्ड मार्केट १८६९ मध्ये उभे राहिले आणि मुंबईचे गिऱ्हाईक पुण्याकडच्या नाजूक फळाच्या आवाक्यात आले. पहाटे तोडणी, पाटीत खाली अंजिराचीच पाने, वर फळांचे थर, आणि गाडी. देठातला चीक हाताला लागून खाज सुटते, ती वेगळीच.

सरकारी संशोधन या अनुभवाच्या मागून चालत आले, असे म्हटले तर ते अगदीच अन्यायाचे ठरू नये. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे अंजीर-सीताफळ संशोधन केंद्र पुरंदरमध्येच, जाधववाडीला आहे. ‘फुले राजेवाडी’ ही विद्यापीठाची निवड. २०१६ मध्ये पुरंदर अंजिराला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२४च्या ऑगस्टमध्ये त्याचा रस पोलंडला रवाना झाला. दोन दिवसांत नासणाऱ्या फळासाठी ही मजल लहान नाही.

आता हेच अंजीर मुंबईच्या समुद्रकाठच्या मढमध्ये, घरच्या अंगणात लावायचे तर? जवळच्या एरंगळचे सेंट बोनाव्हेंचर चर्च १५७५चे, मढचा किल्ला पोर्तुगीजांचा आणि १७३९च्या सुमारास मराठ्यांनी घेतलेला. वस्ती जुनी, माड-ताडांची सावलीही जुनी. पण हा अंजिराचा मुलूख नव्हे. शेजारच्या सांताक्रूझला पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. वाळूमिश्रित जमीन आणि थोडा खारटपणा अंजीर सहन करते. त्याला नडतो तो दमटपणा. पानांवर तांबेरा येतो, झाड ऐन पावसात पानझड करून बसते, पिकायला आलेले फळ आंबते.

म्हणून इथल्या अंगणात पुरंदरची नक्कल अर्धीच करावी. खट्टा बहार बागाईतदाराला पैसे देतो. मढच्या दमट पावसात त्याची कोवळी फूटच तांबेऱ्याच्या तोंडी जाते. त्याचा मोह सोडावा आणि फांद्या पुणे अंजिराच्याच आणाव्यात. पावसाळ्यात गेलेल्या पानांचे दुःख करू नये, त्यांच्यावर फळ धरायचेच नसते. पाऊस आटोपला की ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात छाटणी उरकावी. महिनाभर रेंगाळले तर शेवटची फळे मेअखेरच्या वळवात सापडतात. वेळेवर छाटलेले झाड मार्चमध्ये पिकू लागते, आणि त्याच सुमाराला बुलबुल व वटवाघळांनाही त्याचा पत्ता लागतो. तेव्हा फळे रंग धरायच्या आधीच झाडावर जाळे टाकून घ्यावे. कोळीवाड्याच्या शेजारी त्याची वाण पडायची नाही.