मेलेल्यांची खबर कोण देतो?

जातीच्या दाखल्यासाठी तहसीलीत खेटे घातलेल्या प्रत्येक घराला कोतवाल बुक ठाऊक आहे. वर्धा, नागपूर, चांदा, भंडारा हा सगळा जुना मध्य प्रांत. इथे आज्या-पणज्याची जात सिद्ध करायची तर कोतवाल बुकाची नक्कल काढावी लागते. कडा झडलेल्या पानावर कुणाचा जन्म, कुणाचं मरण, आणि त्यासोबत जात. त्या एका ओळीसाठी आपली पोरं रांगेत उभी राहतात. पण ते बुक मुळात दाखल्यासाठी नव्हतं. सरकारला गावात किती जन्मले, किती मेले आणि कशाने मेले ते हवं होतं. म्हणजे साथींचा हिशेब हवा होता. त्या हिशेबात आपण कितपत आलो, हे पाहायला हवं.

गिरडचं उदाहरण घेऊ. आज समुद्रपूर तालुक्यात, जुन्या काळी हिंगणघाट तहसिलीत. टेकडीवर शेख फरीदबाबाचा दर्गा. बाबाने व्यापाऱ्याच्या मालाचे दगड केले, अशी कथा आहे, आणि टेकडीवरचे ते सुपारीएवढे गोल दगड लोक अजून दाखवतात. हिंदू जातो, मुसलमान जातो, आपले लोक जातात, भोवतालच्या जंगलकडेचे गोंड आणि माना जातात. पोर तापाने फणफणलं की बाई टेकडी चढते. शहाणी माणसं हसतात. नवसाला हसणं सोपं आहे, बाप्पा. त्या बाईला शंभर वर्षांपूर्वी टेकडीशिवाय दुसरं चढायला काय होतं, ते आधी सांगा.

मध्य प्रांतात जन्म-मृत्यूची खबर देण्याचं काम गावच्या कोतवालाचं. आणि आपल्या वर्धा-नागपूरकडे हा कोतवाल बऱ्याच गावी महार. रात्री गस्त त्याची, साहेबाचं सामान वाहणं त्याचं, मेलेलं ढोर ओढणं त्याच्या भावकीचं, आणि मेलेल्या माणसाची वर्दी ठाण्यात देणंही त्याचंच. बहुतेकांना अक्षर येत नसे. बुक त्याच्या काखेत, लेखणी दुसऱ्याच्या हातात. तो सांगे ते कोणीतरी लिहून घेई. ज्याची सावली चालत नव्हती त्याच्या तोंडच्या शब्दावर सरकारचे मृत्यूचे आकडे उभे होते. हा इतिहास शाळेच्या पुस्तकात नाही.

आता १९१८ साल घ्या. जून महिन्यात मुंबईच्या बंदरात इन्फ्लुएंझा उतरला. महायुद्धावरून परतणाऱ्या फौजांच्या बोटी, मग रेल्वे. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरपासून दुसरी आली ती माणसं कापत आली. हिंगणघाटचा कापूस ज्या रुळांवरून मुंबईला जात होता त्याच रुळांवरून रोग आत आला. आपल्या लोकांनी त्याला मानमोडी म्हटलं. धडधाकट माणूस दोन-चार दिवसांत मान टाकी. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. धान्य महाग, अंगात ताकद नाही. हिंदुस्थानात किती मेले? अभ्यासकांचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत जातात. सगळ्यांत जास्त मार खाल्लेल्या प्रांतांत आपला मध्य प्रांत होता.

अंदाज एवढे लांब-रुंद का? कारण मोजणारी व्यवस्थाच आजारी पडली. खबर देणारे आणि लिहिणारेही अंथरुणाला खिळले, नोंदी बुडाल्या. दप्तरी भाषेत हे एका वाक्यात येतं. आपल्या भाषेत त्याचा अर्थ असा, की महारवाड्यात मढी पडली होती आणि मढ्याची वर्दी देणारा महार त्याच मढ्यांत होता. त्याच्या मरणाची वर्दी कोणी दिली असेल? जंगलातल्या गोंडाच्या पाड्यावर तर कोतवालही धड पोचत नव्हता. तिथली माणसं बुकात न येताच मातीत गेली.

जिथे मोजलं तिथे काय दिसलं, तेही ऐका. मुंबई शहराने १९१८ च्या मानमोडीचे मृत्यू जातधर्मवार मोजले. दर हजारी युरोपियन ८.३ मेले, पारशी ९, मुसलमान १९.२, इतर हिंदू १८.९. आणि 'खालच्या जातीचे हिंदू' म्हणून जो रकाना होता, त्यात हजारी ६१.६. सवर्णांच्या तिप्पट, गोऱ्यांच्या सातपट. जंतू तोच. हवा तीच. फरक खोलीचा, भाकरीचा, पाण्याचा आणि सुट्टीचा. आजारी पडल्यावर चार दिवस झोपून राहायची ज्याला सोय, तो वाचला. ज्याला चौथ्या दिवशी कामावर जायचं होतं, तो गेला. रोग जात पाहत नाही, असं म्हणणाऱ्याने हा तक्ता भिंतीवर लावावा.

त्याच्या आधी प्लेग होता. १८९६ मध्ये मुंबईत आला, १८९७ मध्ये पुण्यात पसरला. सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेगचं पोर पाठीवर घेऊन यशवंताच्या दवाखान्यात आणलं. पोर वाचलं. १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई त्याच रोगाने गेल्या. आमच्या वस्तीला डॉक्टराकडे नेणारी पहिली रुग्णवाहिका म्हणजे एका बाईची पाठ, हे विसरू नका.

त्याच जानेवारीत मुंबईत हाफकिनने प्लेगची लस आधी स्वतःला टोचली. माणूस प्रामाणिक होता. पुढची परीक्षा झाली ती भायखळ्याच्या तुरुंगात, कैद्यांवर. कैद्यांनी होकार दिला होता, असं नोंदलेलं आहे. पण गजाआडच्या माणसाचा होकार किती मोकळा असतो? लसीने जीव वाचवले, यात शंका नाही. प्रश्न लसीचा नाही. प्रश्न असा, की परीक्षेसाठी पहिला दंड कुणाचा पुढे केला जातो, आणि औषध तयार झालं की रांगेत पहिला नंबर कुणाचा लागतो.

हा प्रश्न इंग्रजांबरोबर गेला नाही. २००९ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस आंध्रच्या खम्मम आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यातल्या हजारो मुलींना एका अभ्यासासाठी टोचली गेली. वय १० ते १४. खम्मममध्ये भद्राचलमकडच्या वसतिगृहांतल्या आदिवासी मुली त्यात होत्या. आईबापांच्या जागी वॉर्डनच्या सह्या घेतल्या. काही मुली वारल्यावर ओरड झाली, २०१० मध्ये काम थांबलं. मृत्यू लसीमुळे झाले नाहीत, असं चौकशीत सांगितलं गेलं. पण संमतीच्या प्रकाराबद्दल संसदेच्या समितीने २०१३ मध्ये कडक ताशेरे मारले. लस चांगलीच आहे, जगभर बायकांचे जीव वाचवते. वाईट होती ती विचारायची रीत. आदिवासीच्या पोरीला विचारावं लागतं, हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं.

मग आला २०२० चा मार्च. कोरोना. टाळेबंदी. एस.टी. बंद, बाजार बंद, मजुरी बंद. वर्धा जिल्ह्याचा भार सेवाग्राम आणि सावंगीच्या दवाखान्यांनी वाहिला, हे मान्य करायलाच हवं. पण गिरडसारख्या गावातून तिथवर पोचायचं कसं, हा प्रश्न वाहन असलेल्याला नसतो.

उपचारांचं संशोधन त्या काळात फार वेगाने झालं. जून २०२० मध्येच इंग्लंडातल्या मोठ्या चाचणीने दाखवून दिलं, की डेक्सामेथासोन हे जुनं, काही रुपयांत मिळणारं औषध व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने आणि प्राणवायूवरच्या रुग्णांचे एक पंचमांशाने कमी करतं. ज्याला प्राणवायू लागत नाही त्याला त्याचा उपयोग नाही. प्लाझ्माचा मोठा गाजावाजा झाला. आपल्याच देशातल्या ३९ दवाखान्यांच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही, आणि मे २०२१ मध्ये तो सरकारी उपचारांतून काढला गेला. दवाखान्यातल्या रुग्णांना रेमडेसिव्हिर देऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये सुचवलं होतं. तरी एप्रिल २०२१ मध्ये लोक त्याच्या एका कुपीसाठी दागिने विकत होते. मे महिन्यात वर्ध्याच्या जेनेटिक लाइफसायन्सेस या कारखान्यात ते इंजेक्शन तयारही होऊ लागलं. पुढे २०२२ मध्ये संघटनेने सुरुवातीच्या अवस्थेतल्या, धोका जास्त असलेल्या रुग्णांपुरतं ते मान्य केलं. पण तोवर गरिबाचं घर धुऊन निघालं होतं. स्वस्त औषधाची बातमी वस्तीपर्यंत आली नाही, महाग औषधाची अफवा मात्र धावत आली. बातमीलाही जात असते ती अशी.

आणि भाषा असते. लसीच्या नोंदणीचं संकेतस्थळ सुरुवातीला इंग्रजीत. जून २०२१ मध्ये मराठी आणि इतर भाषा आल्या. गोंडी आली नाही, कोलामी आली नाही. वर तोंड करून म्हणायचं, आदिवासी लसीला घाबरतात!

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण ती आपल्या रक्ताची आहे. सिकलसेल. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, हाडं ठणकतात, रक्त कमी होतं. आई आणि बाप दोघंही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता पोर आजारी निघण्याची. १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत हा रोग सापडला. १९५८ मध्ये नागपूरकडच्या महारांच्या रक्तात तो असल्याचा निबंध लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. म्हणजे आमचं रक्त लंडनपर्यंत पोचलं. औषध कधी पोचलं? हायड्रॉक्सियुरियाने दुखण्याचे झटके कमी होतात, हे अमेरिकेतल्या चाचणीत १९९५ मध्ये सिद्ध झालं. देशपातळीवरची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली १ जुलै २०२३ ला, शहडोलला. १९५८ ते २०२३, पासष्ट वर्षं. आमच्या तीन पिढ्या.

कोरोनाच्या लसीत काय झालं? १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या व्याधिग्रस्तांना आधी लस, असं ठरलं. वीस व्याधींच्या यादीत सिकलसेलचं नाव होतं. वाचून बरं वाटलं. पण सिकलसेलचा रोगी ४५ वर्षांचा होतो कितीदा? आपल्या वस्त्यांत हा आजार पोरांचा आणि तरुणांचा. यादीत नाव, आणि वयाच्या अटीने दार बंद. हे कुणी दुष्टाव्याने केलं असं मी म्हणत नाही. यादी करणाऱ्यांच्या घरात सिकलसेल नव्हता, एवढंच.

किती मेले? २०२१ अखेर सरकारी आकडा ४ लाख ८० हजारांच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज २०२० आणि २०२१ मिळून ४७ लाख जादा मृत्यूंचा. सरकारने तो नाकारला. जातवार आकडा तर नाहीच. १९६९ च्या कायद्याने मृत्यूनोंदीचा जो नमुना आला त्यात धर्माचा रकाना आहे, जातीचा नाही. कोतवाल बुकात होता तो रकाना गेला. म्हणजे १९१८ च्या मुंबईचा तक्ता आज कुणी करू म्हटलं तरी होणार नाही.

तरी सत्य एका फटीतून बाहेर आलंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जात विचारतात आणि घरातले मृत्यूही विचारतात. ती माहिती घेऊन काही अभ्यासकांनी २०२४ मध्ये निबंध छापला. २०१९ च्या तुलनेत २०२० मध्ये सरासरी आयुर्मान उच्चजातीय हिंदूंचं १.३ वर्षांनी घटलं. अनुसूचित जातींचं २.७. अनुसूचित जमातींचं ४.१. मुसलमानांचं ५.४. पुरुषांचं २.१, बायकांचं ३.१. सरकारने हाही निबंध फेटाळला, नमुना अपुरा आहे म्हणाले. ठीक. मग पुरा नमुना तुम्ही काढा ना! १९१८ मध्येही बाया जास्त मेल्या होत्या. शेवटी जेवणारी आणि आजाऱ्याजवळ बसणारी तीच. शंभर वर्षांत तिची ताटातली जागा बदलली नाही.

हे फक्त आपलंच रडगाणं नाही. अमेरिकेतल्या नवाहो या मूळनिवासींत मे २०२० मध्ये कोरोनाची लागण त्या देशातल्या सर्वांत जास्त ठिकाणांइतकी होती. पण त्यांच्याकडे एक गोष्ट होती. आपल्या लोकांवरच्या संशोधनाला त्यांच्याच मंडळाची परवानगी लागते, आणि जनुकीय संशोधनाला तर त्यांनी २००२ मध्ये बंदी घातली. रोजची खबर ते स्वतःच्या भाषेत रेडिओवरून देत. लस आली तेव्हा तिची माहिती आपल्याच माणसांच्या तोंडून मिळाली, आणि लोकांनी दंड पुढे केले. ज्यांना विचारलं जातं ते घाबरत नाहीत.

तेव्हा मागणं दयेचं नाही. मृत्यूच्या नोंदीत जात-जमातीचा रकाना परत आणा. संशोधनाचं रक्त घ्यायला येणाऱ्याने ग्रामसभेत बसून, आमच्या भाषेत, काय करणार ते सांगावं आणि निकाल परत आणून द्यावा. सिकलसेलची तपासणी लग्नाआधी आणि गोळ्या दर महिन्याला गावातच मिळाव्यात. आणि सरकार करीलच, म्हणून बसू नये. वस्तीत शिकलेली पोरं आहेत. प्रत्येक विहारात, प्रत्येक गोंडी पाड्यावर एक वही ठेवा. कोण मेलं, वय किती, कशाने, दवाखान्यात पोचलं का, कुणी परत पाठवलं. दर महिन्याला मांडून ठेवा. आपल्या आज्याच्या काखेत बुक होतं आणि लेखणी दुसऱ्याकडे होती. आज लेखणी आपल्याकडे आहे. पुढची साथ येणारच आहे. तेव्हा हिशेब आपल्या हाताचा असला पाहिजे.