‘काउंटर’ची वाटचाल

संस्थेची वाटचाल लिहायला बसलं की स्थापनेचं साल, संस्थापक आणि वास्तू यांच्यापासून सुरुवात होते. ‘काउंटर-स्ट्राइक’चं साल १९९९ आणि संस्थापक दोन तरुण. वास्तू मात्र त्याला जगभरच्या सायबर कॅफेंनी दिली. आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, ती उस्मानपुऱ्यात होती, टीव्ही सेंटरला होती, सिडकोत कॅनॉटच्या गाळ्यांमध्ये होती. शासकीय अभियांत्रिकी आणि जेएनईसीची मुलं जिथे खोल्या करून राहत, तिथे तर हमखास होती. खेळाचं पूर्ण नाव कुणी घेत नसे. ‘काउंटर’ म्हटलं की पुरे. बंदुकीच्या खेळांच्या बहुतेक मालिकांत नवा भाग आला की जुना विसरला जातो. या मालिकेचे पाच भाग झाले आणि त्यातला पहिला आजही विकला जातो, खेळला जातो. २०२३ साली आलेला पाचवा भाग, ‘काउंटर-स्ट्राइक २’, खेळताना या टिकण्याचं कारण माझ्या मनात सारखं येत राहतं.

अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीने नोव्हेंबर १९९८ मध्ये ‘हाफ-लाइफ’ काढला आणि थोड्याच दिवसांत तो खेळ मोडून नवा रचण्याची साधनंही खेळणाऱ्यांच्या हाती दिली. कॅनडात संगणकशास्त्र शिकणाऱ्या मिन्ह ली याने ती उचलली. बंदुका, माणसं आणि बरीचशी आज्ञावली त्याने रचली. जेस क्लिफने संकेतस्थळ आणि बाकीचा पसारा सांभाळला. खेळात रेडिओवरून जे आदेश ऐकू येतात, तो आवाजही क्लिफचाच. जून १९९९ मध्ये पहिली चाचणी आवृत्ती आली, तेव्हा त्यात फक्त ओलिसांची सुटका होती. बॉम्ब लावायचा आणि निकामी करायचा, हा डाव त्याच वर्षी पुढच्या आवृत्त्यांतून आला. त्याच सुमारास डेव्ह जॉन्स्टन नावाच्या इंग्लंडमधल्या किशोरवयीन मुलाने वाळूच्या रंगाच्या भिंतींचा ‘डस्ट’ हा नकाशा बनवला आणि २००१ च्या मार्चमध्ये त्याचा ‘डस्ट टू’ आला. व्हॉल्व्हने २००० साली हे सगळं आपल्याकडे घेतलं आणि नोव्हेंबरात खोक्यातून विक्रीला आणलं. म्हणजे जगातला बहुधा सर्वांत जास्त खेळला गेलेला नकाशा आणि तो ज्या खेळात आहे तो खेळ, दोन्ही हौशी मुलांनी घरी बसून बनवले. खेळ टिकण्याचं पहिलं कारण मला या गोष्टीत दिसतं.

दुसरं कारण अधिक साधं आहे. सप्टेंबर २००३ मध्ये आलेल्या १.६ या आवृत्तीला ५०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ९६ एमबी रॅम आणि १६ एमबीचं ग्राफिक्स कार्ड पुरत असे. कॅफेवाल्याने निकाल पाहणाऱ्यांसाठी आणि ईमेल करणाऱ्यांसाठी घेतलेल्या संगणकावर तो आरामात चाले. इंटरनेटही लागत नसे. दहा यंत्रं एका स्विचला जोडली की एकाने सर्व्हर बनवायचा, बाकीच्यांनी आत यायचं. मराठवाड्यात तेव्हा दिवसाचे कित्येक तास लोडशेडिंग होतं. ऐन डावात वीज गेली की यूपीएस ओरडायला लागे आणि बॅटरी संपायच्या आत बॉम्ब निकामी करण्याची घाई होई. प्रत विकत घेतलेली नसे, एका सीडीवरून दुसऱ्या सीडीवर आलेली असे. हे मी लपवत नाही, कारण आमच्या भागात हा खेळ पोहोचला तो याच वाटेने. पुढे २०११ साली सायबर कॅफेंसाठी केंद्राचे नियम आले. येणाऱ्याचं ओळखपत्र पाहायचं, नोंदवही वर्षभर जपायची, कप्प्यांच्या भिंती साडेचार फुटांहून उंच नकोत. काउंटर खेळणाऱ्यांना कमी उंचीच्या भिंती सोयीच्याच होत्या. भिंतीवरून मान काढून ‘बी ला चल, मी लाँगवरून येतो’ असं सांगता येई.

या कॅफेंनी शहराला काय दिलं, हे मला ठासून सांगायचं आहे. गुलमंडीचा, रोशन गेटचा, सिडकोचा आणि वाळूजच्या कामगार वसाहतीतला मुलगा एका संघात बसे. मराठी, दखनी आणि मोडकं इंग्रजी अशा मिश्र भाषेत हाका चालत. कोण कुठल्या शाळेतला, कुणाच्या घरी काय, याची चौकशी कुणी करत नसे. ‘मिड’, म्हणजे नकाशाचा मधला भाग, कोण राखणार, एवढंच विचारलं जाई. आपल्या गावात वेगवेगळ्या मोहल्ल्यांतली पोरं रोज एकत्र बसतील अशा जागा कमीच होत्या. क्रिकेटचं मैदान होतं आणि ही एक.

खेळाचा गाभा नेमबाजीपेक्षा पैशांत आहे. सामना सुरू होताना प्रत्येकाकडे ८०० डॉलर, कितीही जिंकलात तरी जवळ १६,००० पेक्षा जास्त साठत नाहीत. १.६ मध्ये एके-४७ ला २,५०० लागत, मोठ्या स्नायपरला ४,७५०. मेलात की बंदूक गेली. त्यामुळे पुढचा डाव हातात फक्त पिस्तूल घेऊन हरायचा आणि त्यानंतरच्या डावासाठी पैसे राखायचे, हे संघाने मिळून ठरवावं लागतं. एकट्याने हट्टाने महागडी बंदूक घेतली की बाकीच्या चौघांचं गणित बिघडतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना हे कुणी शिकवलं नव्हतं. चौघांचा ओरडा खाल्ला की आपोआप यायचं.

मग नवे भाग आले. ‘कंडिशन झीरो’ हा चार कंपन्यांच्या हातांतून फिरत मार्च २००४ मध्ये बाहेर पडला आणि त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातला ‘सोर्स’ दिसायला देखणा होता, पिंपं ढकलली की गडगडत जात. पण त्याला चांगलं ग्राफिक्स कार्ड हवं होतं आणि नेम धरताना हाताला वेगळं जाणवत असे. जगभरचे खेळाडू दोन गटांत विभागले. औरंगाबादेत असा वाद झालाच नाही, कारण कॅफेतली यंत्रं सोर्सला पुरेशी नव्हती. कोरियातल्या बुसानमध्ये २०११ ची वर्ल्ड सायबर गेम्स झाली, तेव्हाही सामने १.६ वरच खेळले गेले. आठ वर्षं जुनी आवृत्ती, आणि जागतिक स्पर्धा. नव्याने जुन्याला हटवायचं असेल तर आधी खेळणाऱ्यांची संमती लागते, हे तेव्हा दिसलं.

ती संमती ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ने मिळवली, तीही सावकाश. २१ ऑगस्ट २०१२ ला तो आला तेव्हा फारसं स्वागत झालं नाही. पुढच्या वर्षी बंदुकांवरचे रंगीत मुलामे आले आणि त्यांच्या विक्रीतून स्वीडनमध्ये अडीच लाख डॉलरच्या बक्षिसाची पहिली ‘मेजर’ झाली. या मुलाम्यांची दुसरी बाजू मला खटकते. पैसे देऊन किल्ली घ्यायची, पेटी उघडायची आणि आत काय निघेल ते नशिबावर सोडायचं, हा जुगारच आहे. खेळात कौशल्य हवं म्हणणाऱ्या कंपनीने मुलांसमोर तो ठेवायला नको होता. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये २०१८ साली पेट्या उघडणं बंद करावं लागलं, ते योग्यच झालं.

भारताचे खेळाडू आधी सिंगापूर आणि दुबईच्या सर्व्हरवर उशिराने पोहोचणाऱ्या गोळ्यांनी लढत. मुंबईला सर्व्हर आल्यावर आमच्याकडची मुलंही बरोबरीने खेळू लागली. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायच्या स्पर्धेत मात्र भारतीय संघातल्या एका खेळाडूच्या यंत्रावर नेम आपोआप धरणारी फाइल सापडली. पंच जवळ येताच ती पुसण्याची त्याची धडपड जगाने पाहिली. त्याच्यावर पाच वर्षांची बंदी आली आणि ऑप्टिक इंडिया हा अख्खा संघ बरखास्त झाला. बाकीच्या चौघांनी काही केलं नव्हतं. ‘इंडियन’ म्हटलं की जगभरच्या चॅटमध्ये त्या फाइलचं नाव कित्येक वर्षं टाकलं जाई, आणि पैसे साठवून माउस घेणाऱ्या इथल्या मुलाला ते वाचावं लागे. मला त्याचं वाईट वाटतं, अजूनही.

कॅफे बंद पडले ते वेगळ्याच कारणाने. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला आणि मैदान खिशात गेलं. कॅफेंची दुकानं उरली ती प्रवेशाचे आणि एमपीएससीचे फॉर्म भरण्यासाठी. मोबाइलवरच्या खेळात शंभर जण उतरतात, पण शेजारी कुणी बसलेलं नसतं.

आता पाचवा भाग. २७ सप्टेंबर २०२३ ला तो आला आणि तो खेळताना मी खरोखर सुखावलो. विशेषतः धुरामुळे. आधीच्या भागांत धूर म्हणजे एक पडदा असे. एकाला आरपार दिसे तर दुसऱ्याला दिसत नसे. आता धूर खोलीचा आकार घेतो, दारातून बाहेर ओघळतो, सगळ्यांना सारखाच दिसतो. गोळी झाडली तर त्यात भोक पडतं, हातबॉम्ब टाकला तर क्षणभर विरतो आणि पुन्हा मिटतो. त्यामुळे डस्ट टूच्या मिडमधला ओळखीचा दरवाजा पुन्हा विचार करायला लावतो. नकाशाचा आराखडा त्यांनी हलवलेला नाही, फक्त उजेड सुधारला. डेव्ह जॉन्स्टनच्या कोपऱ्यांना हात न लावण्याचं शहाणपण मला फार मोलाचं वाटतं. तीसऐवजी चोवीस डावांचा सामना मात्र मला तोकडा वाटतो. पहिले दोन डाव हरलात की पैशांची घडी बसवायला पूर्वीइतका अवकाश राहत नाही, आणि पडलेला संघ सावरतो तेव्हाच हा खेळ सर्वांत रंगतो.

खरी तक्रार दुसरी आहे. मालिकेत प्रथमच नव्या भागाने जुन्याची जागाच घेतली. ग्लोबल ऑफेन्सिव्ह ज्यांच्या यंत्रावर होता, तिथे एका अद्ययावतीकरणानंतर ‘२’ आला. जुनी आवृत्ती आडवाटेने उतरवता येते, पण अधिकृत सामने मिळत नाहीत. ग्लोबल ऑफेन्सिव्हला २ जीबी रॅम आणि १५ जीबी जागा पुरे. नव्याला ८ जीबी रॅम आणि ८५ जीबी जागा हवी. मॅक आणि ३२-बिट विंडोजवाले बाहेरच राहिले. म्हणजे ज्या मुलाकडे भावाचा जुना लॅपटॉप होता, तो त्या रात्री खेळाबाहेर गेला. १.६ च्या काळात कंपनीने असं केलं असतं, तर मराठवाड्यातल्या निम्म्या खेळाडूंनी हा खेळ कधी पाहिलाच नसता. नवं काढा, जरूर काढा, पण जुन्याचे सर्व्हर चालू ठेवा, एवढंच माझं मागणं आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाखाली आणलं आणि २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्सला वेगळं स्थान दिलं. शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना आता कुणाची भीड नको. वार्षिक तांत्रिक महोत्सवात ‘२’ ची स्पर्धा घ्या, आणि शेजारच्या प्रयोगशाळेत १.६ चीही घ्या. १.६ आजही स्टीमवर विकत मिळतो. प्रयोगशाळेतून बाद ठरवलेली यंत्रं त्याला भरपूर आहेत, दहा यंत्रं आणि एक स्विच लागतो. बाहेरच्या शाळांतल्या आणि आयटीआयच्या मुलांनाही त्यात प्रवेश ठेवा.