पड, खिल आणि अखिल

कोल्हापूरकडे शेताला रान म्हणतात आणि पेरणी न करता सोडलेलं रान म्हणजे ‘पड’. संस्कृत ‘पत्’वरून प्राकृत ‘पड’, त्यातून मराठी ‘पडणे’. पड आणि पडीक ही त्याचीच लेकरं. सरकारी पीकनोंदीत यंदा न पेरलेली जमीन ‘चालू पड’, त्याहून जुनी ती ‘इतर पड’.

संस्कृतात नांगर न लागलेली जमीन म्हणजे ‘खिल’. पिकांमधला मोकळा तुकडा, मग रिकामी जागा, मग ती भरणारी पुरवणी, असा त्याचा अर्थ वाढत गेला. म्हणून हरिवंश हे महाभारताचं खिल आणि ऋग्वेदाला जोडलेली सूक्तं ती खिलसूक्तं. अंबाबाईच्या कोल्हापुरात म्हटलं जाणारं श्रीसूक्त त्यांतलंच. त्यात लक्ष्मी ‘करीषिणी’ आहे, शेणखतानं समृद्ध. आणि ज्याच्या नावाचा अर्थच चिखल, तो ‘कर्दम’ तिचा पुत्र.

‘अखिल’ म्हणजे खिल नसलेलं, सगळंच्या सगळं. पण पंचगंगेकाठी उसामागून ऊस घेताना जमीन अशी अखिल ठेवणं तिला सोसत नाही. एखादा हंगाम पड टाकलेलं रान ओल धरतं, कस भरून काढतं. जुन्या शेतकऱ्यांची ही समज आपण शब्दासकट जपली पाहिजे.