कुर्ल्याच्या दोन बहिणी

जुनी, स्वस्त, पण जोरात पळणारी गाडी घ्यायची आणि वीकेंडला स्वतःच तिची डागडुजी करायची... आयटीतल्या निम्म्या पोरांचं हे स्वप्न असतं. फेरारी-पोर्शे बाजूला ठेवू (ठेवाव्याच लागतात!). मग आपल्या खिशाला झेपणारं नाव उरतं ते फियाट पालिओ १.६. ती घ्यावी का? याचं उत्तर मला बॉनेटखाली कमी आणि कुर्ल्याच्या इतिहासात जास्त सापडलं.

मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कुर्ल्यात आधी डॉज-प्लिमथ जुळवल्या जायच्या, पन्नासच्या दशकात फियाट आली. १९६४ ची फियाट ११०० डिलाइट म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, कार्ब्युरेटर, टायमिंग चेन, बस्स. लायसन्स राजच्या कृपेने हीच गाडी जवळपास ३५ वर्षं फारशी न बदलता बनत राहिली. लोकांनी नावं ठेवली, नंबर लावून वर्षानुवर्षं वाटही पाहिली. पण त्याचा एक फायदा झाला. मेकॅनिकांच्या पिढ्या ती उघडायला शिकल्या आणि पार्ट गल्लोगल्ली मिळू लागले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून हटली. म्हणजे तिला थांबवलं नियमाने, बिघाडाने नाही!

धाकटी बहीण पालिओ, तीही कुर्ल्याचीच. २००१ मध्ये आली. तिच्या १.६ मध्ये १५९६ सीसी, १६ व्हॉल्व्ह आणि १०० हॉर्सपॉवर. तेव्हा झेनला साधारण ६० होती, यावरून काय ते समजा. जाहिरातीत साक्षात सचिन, त्याच्या नावाची एस१० आवृत्तीसुद्धा निघाली. पण आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: अ‍ॅव्हरेज किती? तिथे १.६ मार खायची, त्यामुळे खपली कमी. पुढे फियाटने टाटांशी भागीदारी केली, काम रांजणगावला गेलं, पालिओ बंद झाली. २०१९ च्या आसपास फियाटच्या गाड्या भारतातल्या शोरूममधूनच गेल्या.

आता ही गाडी घेऊन परतूर तालुक्यातल्या आमच्या आष्टीला जा. गावाकडचा मेकॅनिक ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकल डोळे मिटून खोलतो. त्याच्या हातात कमी काहीच नाही. पण पालिओचा एखादा सेन्सर गेला तर तो काय करणार? तपासायला स्कॅनर हवा आणि बदलायला पार्ट हवा. पद्मिनीचा कार्ब्युरेटर मात्र पारावर बसूनसुद्धा साफ होतो.

थोडक्यात काय, गाडीचं आयुष्य इंजिन ठरवत नाही, तिच्याभोवतीची माणसं आणि पार्टचा बाजार ठरवतो. सॉफ्टवेअरचंही असंच असतं म्हणा. कोड कितीही भारी असो, तो समजणारं कुणी उरलं नाही की संपलं.

तरीही घ्यायचीच असेल तर क्रम उलटा ठेवा. आधी मेकॅनिक आणि पार्ट देणारा शोधा, मग गाडी. घेताना कॉम्प्रेशन तपासा, खालून गंज बघा. टायमिंग बेल्ट मात्र लगेच बदला, कारण तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनची टक्कर होऊ शकते. आता पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं असतं, तेव्हा इंधनाचे जुने रबरी पाइपही बदलून घ्या. कागदांचंही बघा: १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं. एप्रिल २०२२ पासून कारची ही फी ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारसाठी १०,००० झाली. पर्यावरण कर वेगळा.

असो. एवढं सगळं करायची तयारी असेल तर पालिओ जरूर घ्या, १०० घोडे खोटे नाहीत. आणि फक्त पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन रविवार काळा करायची हौस असेल तर थोरलीकडेच जा. ती पळणार नाही, पण घरी आणून सोडेल.